मुलाखतीचं रेकॉर्डिंग संगणकाकडून उतरवून घेताना: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

बहुतेकांचा क्रम असा असतो: मुलाखत फोनवर रेकॉर्ड करायची, ती व्हॉट्सॲपवरून स्वतःलाच पाठवायची, हाताशी येईल त्या सॉफ्टवेअरमध्ये टाकायची, आलेला मजकूर वाचत वाचत शुद्धलेखन सुधारायचं आणि फाइलला ‘अंतिम’ असं नाव देऊन मोकळं व्हायचं. या सगळ्यात रेकॉर्डिंग पुन्हा कोणी ऐकतच नाही, आणि घोटाळा होतो तो तिथेच.

आवाज ओळखणारं सॉफ्टवेअर न कळलेला शब्द सहसा कोरा सोडत नाही. त्या जागी शोभेल असा दुसरा शब्द बसवतं. त्यामुळे चूक वाचताना खटकत नाही. वाक्य सुरळीत असतं, व्याकरण बरोबर असतं, फक्त मुलाखत देणाऱ्या माणसाने ते म्हटलेलं नसतं. प्रबंधासाठी, बातमीसाठी किंवा गावाच्या इतिहासासाठी तो मजकूर वापरला की दुसऱ्याच्या तोंडी आपण भलतंच घालतो. म्हणून पुढच्या सगळ्या टप्प्यांत एक नियम कायम ठेवा: मजकूर वाचून दुरुस्त करायचा नाही, ऐकून करायचा.

उदाहरणासाठी एकच मुलाखत धरून चालू. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर गेलेल्या एका आजींची मुलाखत, त्यांच्याच घरात, फोनवर घेतलेली, तासाभराची. हाताने उतरवायची म्हटलं तर अशा एका तासाला चार ते सहा तास सहज जातात. रेकॉर्डिंग स्वच्छ असेल आणि क्रम पाळला तर हा वेळ निम्म्याच्या आसपास येतो. रेकॉर्डिंग खराब असेल तर वेळ काहीच वाचत नाही, आणि हे आधीच ओळखायची सोय सहाव्या टप्प्यात आहे.

टप्पा १: काय उतरवायचं आणि कुठे, हे आधी ठरवा

‘मुलाखत उतरवून हवी’ या एका वाक्यात तीन वेगळी कामं असू शकतात. पहिलं शब्दशः: अडखळणं, अर्धी वाक्यं, ‘म्हणजे’, ‘बरं का’ सगळं जसंच्या तसं. दुसरं वाचायला सोपं: अडखळणं काढलेलं, पण शब्द बोलणाऱ्याचेच. तिसरं फक्त विषयवार टिपण, कुठल्या मिनिटाला काय आलं एवढंच. भाषेचा किंवा बोलीचा अभ्यास असेल तर पहिलंच लागतं. वृत्तपत्रासाठी दुसरं पुरतं. संस्थेच्या संग्रहात शेकडो तासांचं रेकॉर्डिंग पडलेलं असेल तर तिसऱ्यापासून सुरुवात करणं शहाणपणाचं.

हे आधी ठरवायचं कारण असं की ही सॉफ्टवेअर आपल्या मनानेच मजकूर सावरून देतात. ‘अं’, ‘ते हे’, परत म्हटलेला शब्द, मध्येच सोडलेलं वाक्य, यातलं बरंचसं ती गाळतात. तुम्हाला शब्दशः हवं असेल तर ते सगळं हाताने परत घालावं लागणार, आणि वेळेचा अंदाज त्याप्रमाणे बांधावा लागणार.

मग एका कागदावर नियम लिहा. बोलीतली रूपं तशीच ठेवायची की नाही. इंग्रजी शब्द देवनागरीत लिहायचे की कसे. आकडे अंकांत की अक्षरांत. ऐकू न आलेली जागा कशी दाखवायची (चौकटी कंसात ‘अस्पष्ट’ आणि मिनिट-सेकंद, ही खूण चांगली). हसणं, रडणं, मोठा विराम कसा नोंदवायचा. दोघं-तिघं मिळून काम करत असाल तर हा कागद नसल्याने जेवढा वेळ वाया जातो तेवढा दुसऱ्या कशानेच जात नाही.

दुसरा निर्णय गोपनीयतेचा. ऑनलाइन सेवेत फाइल टाकली म्हणजे आजींचा आवाज एका कंपनीच्या सर्व्हरवर गेला. संमती घेताना हे त्यांना सांगितलं होतं का? सांगितलं नसेल तर विचारा, किंवा स्वतःच्या संगणकावर, इंटरनेट बंद ठेवूनही चालणारं सॉफ्टवेअर वापरा. लैंगिक अत्याचाराला तोंड दिलेल्या व्यक्तीची ओळख उघड होईल असं काही प्रसिद्ध करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. आजार, कर्ज, घरगुती हिंसा, जातीय अत्याचार अशा विषयांवरच्या मुलाखतीही माझ्या मते स्वतःच्या संगणकाबाहेर जाऊ नयेत.

टप्पा २: रेकॉर्डिंग अजून व्हायचं असेल तर

फोन बोलणाऱ्याच्या जवळ ठेवा, वीतभर ते हातभर अंतरावर, आणि टेबलावर ठेवताना खाली रुमाल घाला. साधा कॉलरला लावायचा माइक मिळाला तर उत्तमच. पंखा बंद करा किंवा जागा बदला. कुकर, टीव्ही, रस्त्याकडची खिडकी यांचा बंदोबस्त आधी करा. फोनवरच्या संभाषणाच्या रेकॉर्डिंगवर भिस्त ठेवू नका. साध्या कॉलमध्ये आवाजाचा वरचा पट्टा कापलेला असतो आणि ‘स’, ‘श’, ‘फ’ यांच्यातला फरक त्याच पट्ट्यात असतो.

दोन सवयी लावून घ्या. सुरुवातीला नाव, गाव, तालुका आणि तारीख स्पष्ट मराठीत बोला. आणि आजी बोलत असताना ‘हो’, ‘हं’, ‘अच्छा’ तोंडाने म्हणू नका, मान हलवा. दोन आवाज एकमेकांवर चढले की त्या जागी सॉफ्टवेअर बहुधा एकाचंच लिहितं, आणि ते तुमचं ‘हं हं’ असू शकतं.

मुलाखत संपल्यावर लगेच, फोन चालू असतानाच, आलेली नावं परत विचारून घ्या. मुकादमाचं नाव, शेजारच्या वाडीचं नाव, ओढ्याचं नाव. ही पाच मिनिटं पुढचा मोठा त्रास वाचवतात.

टप्पा ३: फाइल तयार करा

मूळ फाइलला हात लावायचा नाही. तिच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा आणि काम तिसऱ्या प्रतीवर करा. फाइलच्या नावात तारीख आधी, मग गाव, मग क्रमांक. ‘आजी नवीन फायनल २’ असलं नाव महिन्याभराने काही सांगत नाही.

फोनवरून संगणकावर फाइल केबलने घ्या. व्हॉट्सॲपनेच पाठवायची वेळ आली तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे फाइल आहे तशी जाते. मुलाखतच व्हॉइस मेसेज म्हणून रेकॉर्ड केली तर ती मुळातच खूप दाबलेली असते, आणि दाबताना गेलेलं परत मिळत नाही.

आता ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडून ती मोनो (डावी-उजवी बाजू एकत्र केलेली), १६,००० हर्ट्झ, १६ बिट अशी वेव्ह स्वरूपात काढा. आवाज ओळखणारी बहुतेक मॉडेलं आतमध्ये याच मापावर काम करतात, त्यामुळे याहून मोठी फाइल देऊन फायदा नसतो. ही प्रत हेडफोन लावून ऐका. सॉफ्टवेअरला जे ऐकू जाणार तेच तुम्हाला ऐकू येतंय.

दोन माइक वापरून डाव्या-उजव्या बाजूला दोन माणसं वेगळी रेकॉर्ड केली असतील, तर मात्र मोनो करू नका. दोन बाजू वेगळ्या काढून दोन फाइली वेगळ्या चालवा. कोण बोललं हा प्रश्न आपोआप सुटतो.

आवाजाची पातळी कमी असेल तर वाढवा, शिखरं, म्हणजे सर्वांत मोठ्या आवाजाच्या जागा, उणे ३ डेसिबलच्या आसपास येतील इतकी. पंख्याची खालची घरघर असेल तर ८० हर्ट्झच्या खालचा भाग कापला तरी चालतो.

सावधान: ‘नॉइज रिडक्शन’ जोरात लावू नका. माणसाच्या कानाला स्वच्छ वाटणारा आवाज सॉफ्टवेअरला जास्त कठीण जाऊ शकतो, कारण घरघरीबरोबर ‘ह’, ‘स’, ‘फ’ आणि शब्दांच्या शेवटच्या पडत्या ध्वनींचाही भाग निघून जातो. लावायचंच तर सहाव्या टप्प्यातली चाचणी लावून आणि न लावून, अशी दोन्ही करून बघा.

तपासा: तासाभराची अशी वेव्ह फाइल साधारण ११५ एमबी भरते. १० एमबी दिसत असेल तर ती वेव्ह नाही. २३० एमबी असेल तर ती अजून स्टिरिओ आहे.

टप्पा ४: शब्दयादी करा

हा टप्पा जवळजवळ सगळे जण टाळतात आणि सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो.

मुलाखत एकदा सलग ऐका, काही न लिहिता. दुसऱ्यांदा थांबत थांबत ऐकताना सॉफ्टवेअरला माहीत नसतील असे शब्द टिपा. माणसांची आणि गावांची नावं, आडनावं, ओढे-नद्या, देवस्थानं, अवजारं, पिकांच्या जाती, खाद्यपदार्थ, सरकारी योजना, नात्यातली संबोधनं. बहात्तरच्या दुष्काळावरच्या मुलाखतीत हटकून येणारे शब्द बघा: सुकडी, मिलो, खडी, गिट्टी, मुकादम, मस्टर, पाझर तलाव, नालाबांध. ‘मिलो’ म्हणजे तेव्हा परदेशातून आलेली लाल ज्वारी. सॉफ्टवेअर तिथे ‘मिळो’ किंवा ‘मिळालं’ लिहील आणि वाक्य बिनतक्रार वाचलं जाईल. ‘सुकडी मिळायची’चं ‘सुट्टी मिळायची’ झालं तर कामावरचा खाऊ जाऊन रजा येईल.

प्रत्येक शब्दापुढे तुमचं ठरलेलं लेखन लिहा आणि तो साधारण कितव्या मिनिटाला आला तेही. ही यादी दोनदा कामाला येते: आत्ता सॉफ्टवेअरला सूचना म्हणून, आणि नंतर मसुदा तपासताना.

सूचना देण्याची सोय व्हिस्परमध्ये (आवाजावरून मजकूर उतरवणारं हे सॉफ्टवेअर, त्याबद्दल पुढच्या टप्प्यात) ‘इनिशियल प्रॉम्प्ट’ या नावाने आहे. तिथे नुसते शब्द ओळीने देण्यापेक्षा एक-दोन वाक्यं द्या: ‘बहात्तरच्या दुष्काळात आम्ही खडी फोडायला जायचो. मुकादम मस्टरवर नाव घ्यायचा, सुकडी आणि मिलो मिळायचा.’ शब्दांबरोबर लेखनाची धाटणीही तिथून उचलली जाते. जागा फार थोडी असते, २२४ टोकनांची (टोकन म्हणजे सॉफ्टवेअर मजकुराचे पाडतं ते छोटे तुकडे), आणि देवनागरी मजकुराला टोकनं भराभर संपतात. सूचना लांबली तर सुरुवातीचा भाग गळतो आणि शेवटचाच वापरला जातो. म्हणून अतिमहत्त्वाचे मोजके शब्दच द्या, आणि त्यातले सर्वांत महत्त्वाचे शेवटी ठेवा.

सावधान: सूचनेत दिलेला शब्द कधी कधी न बोलताही मजकुरात उगवतो. मसुद्यात ‘मिलो’ दिसला म्हणून तो बोलला गेला असं समजू नका. तिथे ऐका.

टप्पा ५: साधन निवडा

मराठीसाठी आज सर्वांत सहज हाताशी येणारं साधन म्हणजे व्हिस्पर. ओपनएआयने ते सप्टेंबर २०२२ मध्ये खुलं केलं आणि ते स्वतःच्या संगणकावर चालतं. कमांड टाइप करायची सवय नसेल तर बझ किंवा सबटायटल एडिट यांसारख्या मोफत सॉफ्टवेअरमधून, खिडकीत बटणं दाबून चालवता येतं.

व्हिस्परची मॉडेलं लहान-मोठी आहेत. मराठीसाठी टायनी आणि बेस या दोन लहान मॉडेलांवर वेळ घालवू नका. कारण सरळ आहे: पहिलं व्हिस्पर ६,८०,००० तासांच्या आवाजावर शिकलं, त्यातले इंग्रजी सोडून इतर ९६ भाषांचे मिळून १,१७,००० तास होते, आणि त्यातही मराठीचा वाटा अगदी थोडा. इंग्रजीत लहान मॉडेल निभावून नेतं, मराठीत नाही. ‘लार्ज’ घ्या. त्याला ग्राफिक्स कार्डावर सुमारे १० जीबी मेमरी लागते. तेवढी नसेल तर ‘टर्बो’ला सुमारे ६ जीबी पुरते, आणि फास्टर-व्हिस्पर या आवृत्तीत त्याहूनही कमीत भागतं. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या साध्या लॅपटॉपवरही चालतं, पण हळू. रात्री लावून झोपा.

दुसरा पर्याय आयआयटी मद्रासमधल्या एआयफोरभारत गटाचं इंडिककॉन्फॉर्मर. ते भारतीय भाषांसाठीच बनवलेलं आहे, राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या २२ भाषांसाठी. त्याच्याकडून विरामचिन्हांची अपेक्षा ठेवू नका, आणि ते चालवायला संगणकाची थोडी जास्त जाण लागते. दोन्ही चालवणं शक्य असेल तर जरूर चालवा. जिथे दोन मसुदे वेगळे पडतात तिथेच चूक लपलेली असण्याची शक्यता मोठी, आणि तपासणीला आयत्या खुणा मिळतात.

गोव्यात किंवा तळकोकणात मुलाखत घेत असाल तर एक गोष्ट लक्षात घ्या. व्हिस्परच्या भाषांच्या यादीत कोंकणी नाही. भाषा ‘मराठी’ ठेवून कोंकणी रेकॉर्डिंग चालवलं तर ते कोंकणीला मराठीचे कपडे चढवून देतं. कोंकणीसाठी इंडिककॉन्फॉर्मरच बघा. मालवणी आणि अहिराणीला त्या २२ भाषांतही स्वतंत्र जागा नाही, त्यामुळे तिथे चाचणीनंतरच काय ते ठरवा.

टप्पा ६: आधी तीन मिनिटांची चाचणी

पूर्ण फाइल चालवण्याआधी सुरुवात, मध्य आणि शेवट यांतून एकेक मिनिट कापा. सुरुवातीचंच घेऊ नका. तिथे माणूस जपून, प्रमाण भाषेकडे झुकून बोलतो. चाळिसाव्या मिनिटाला आजी रंगात येतात आणि खरी बोली तिथे असते.

ही तीन मिनिटं स्वतः, मसुदा न बघता, ऐकून टाइप करा. मग सॉफ्टवेअरकडून करून घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवून मोजा: किती शब्द चुकले, किती गळले, किती जास्तीचे आले. तिन्हींची बेरीज भागिले तुम्ही टाइप केलेले शब्द.

शंभर शब्दांत दहाच्या आत चुका असतील तर निश्चिंत पुढे जा. दहा ते पंचवीस असतील तर काम होईल, पण तपासणीला भरपूर वेळ धरा. त्याहून जास्त असतील तर सॉफ्टवेअरचा मसुदा सुधारण्यापेक्षा हाताने उतरवणं लवकर होतं. हे आकडे मी अनुभवाने धरले आहेत. चुका लहान आणि एकसारख्या असतील तर थोडं पुढेमागे करता येईल.

चाचणी फसली तर मधला एक मार्ग आहे. हेडफोनवर आजींचं वाक्य ऐकायचं आणि ते आपल्या स्पष्ट आवाजात परत म्हणायचं, गूगल डॉक्समधल्या मराठी व्हॉइस टायपिंगला. खोली शांत, आवाज एक, माइक जवळ, त्यामुळे मजकूर बराच बरा येतो. (यात तुमचा आवाज आणि आजींचे शब्द ऑनलाइन जातात, म्हणजे पहिल्या टप्प्यातला निर्णय इथेही लागू.) मूळ रेकॉर्डिंग स्पीकरवर वाजवून त्यासमोर फोन धरण्याचा उद्योग मात्र करू नका. त्यात खोलीचा घुमारा मिसळतो आणि निकाल आणखी बिघडतो.

टप्पा ७: पूर्ण फाइल चालवा

चालवण्याआधी पाच गोष्टी स्वतःच्या हाताने लावा.

१. भाषा ‘मराठी’ निवडा, ‘ऑटो’ ठेवू नका. व्हिस्पर पहिल्या ३० सेकंदांवरून भाषा ठरवतं. तिथे तुम्ही कोणाशी हिंदीत बोलत असाल किंवा नुसता भांड्यांचा आवाज असेल, तर पूर्ण तासाचा मजकूर हिंदी वळणाचा येऊ शकतो.

२. काम ‘ट्रान्स्क्राइब’ ठेवा. ‘ट्रान्सलेट’ निवडलं तर इंग्रजी भाषांतर मिळतं.

३. ‘आधीच्या मजकुरावर अवलंबून राहा’ अशा अर्थाचा पर्याय बंद करा. तो चालू असला की एकदा झालेली चूक पुढच्या तुकड्याला वाट दाखवते आणि एकच ओळ दहा-वीस वेळा छापली जाते. हा पर्याय बंद केल्यावर शब्दयादीची सूचना मात्र फक्त पहिल्या तुकड्यापुरती उरण्याची शक्यता असते. तुमच्या आवृत्तीत सूचना प्रत्येक तुकड्याला देण्याची सोय असेल तर ती लावा. नसेल तर फाइल प्रश्नांच्या जागी कापून तुकडे वेगळे चालवा आणि प्रत्येक तुकडा मूळ फाइलच्या कितव्या मिनिटाला सुरू होतो ते लिहून ठेवा.

४. ‘व्हीएडी’ म्हणजे बोलणं कुठे आहे ते आधी हुडकणारी चाळणी असेल तर ती चालू करा. शांत जागी व्हिस्पर मनाने वाक्यं रचतं. व्हिडिओंच्या सबटायटलांवरही ते शिकलेलं आहे, त्यामुळे आजी पाणी प्यायला थांबल्या तिथे ‘धन्यवाद’ किंवा ‘सबस्क्राइब करा’ असं काही आलं तर आश्चर्य वाटायला नको. चाळणीने हे बरंच कमी होतं. मात्र हळू आवाजात बोललेलं ती ‘शांतता’ समजून टाकूनही देऊ शकते.

५. मजकूर वेळेच्या खुणांसह काढा. नुसता सलग मजकूर घेतला तर पुढची तपासणी जवळपास अशक्य होते.

तपासा: मसुदा आला की वाचायला बसू नका. आधी चार गोष्टी बघा. शेवटची वेळ रेकॉर्डिंगच्या लांबीशी जुळते का. एकच ओळ लागोपाठ परत आली आहे का. दोन ओळींच्या वेळांत दहा सेकंदांहून मोठं भगदाड आहे का. आणि मधेच रोमन अक्षरं किंवा हिंदी वाक्यं घुसली आहेत का. भगदाडं सगळी ऐका. फोडणीचा आवाज होता की आजींनी आवाज खाली आणून काही सांगितलं, हे ऐकल्याशिवाय कळत नाही.

आलेला कच्चा मसुदा जसाच्या तसा वेगळा ठेवा. दुरुस्ती त्याच्या प्रतीवर.

टप्पा ८: ऐकून तपासणी, दोन फेऱ्यांत

पहिल्या फेरीत शब्द, दुसऱ्या फेरीत अर्थ आणि विरामचिन्हं. दोन्ही एकदम करू गेलं की स्वल्पविराम नीट होतात आणि शब्द निसटतात.

रेकॉर्डिंग पाऊण वेगाने लावा. ओट्रान्स्क्राइब ब्राउझरमध्ये चालतं, पण फाइल तुमच्याच संगणकावर राहते, आणि एका कळीने काही सेकंद मागे जाता येतं. सबटायटल एडिटमध्ये ओळीवर टिचकी मारली की तेवढाच आवाज वाजतो. भाषेच्या अभ्यासकांना ईलान ठाऊक असेलच. काहीही वापरा, पण कान पुढे आणि डोळे मागे असा क्रम ठेवा: आधी वाक्य ऐका, मग ते वाचा. आधी वाचलं की कानाला तेच ऐकू येतं.

‘कोण बोललं’ हे व्हिस्पर सांगत नाही. त्यासाठी पायनोट नावाचं वेगळं साधन आहे आणि व्हिस्परएक्समध्ये दोन्ही एकत्र मिळतात. दोघांच्याच मुलाखतीत मी ते लावणार नाही. पहिल्या फेरीतच ‘प्र’ आणि ‘उ’ टाकत गेलं की झालं. पाच-सहा जणांची गटचर्चा असेल तर लावा, आणि प्रत्येक नाव तरी कानाने पारखा.

आता कुठे जास्त वेळ द्यायचा ते.

*नकार.* मराठीत ‘नाही’, ‘नव्हतं’, ‘नको’ बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटी येतं, आणि शेवटाला माणसाचा आवाज पडतो. माइकने सर्वांत कमी पकडलेली जागा आणि अर्थ उलटवणारा शब्द एकाच ठिकाणी. त्यात बोलीतलं ‘व्हतं’ आणि ‘नव्हतं’ यांत फरक एका ‘न’चा, आणि तो आधीच्या शब्दात मिसळून जातो. ‘विहिरीला पाणी नव्हतं’ याचं ‘विहिरीला पाणी होतं’ झालं तर मुलाखतीचं सारंच गेलं. माझं ठाम मत आहे की मसुद्यातलं प्रत्येक ‘होतं’, ‘होते’, ‘आहे’, ‘मिळालं’ ज्या वाक्यात निर्णायक आहे, ते वाक्य दोनदा ऐकावं.

*आकडे.* बावन्न, बासष्ट, बहात्तर, ब्याऐंशी. एकोणसाठ आणि एकोणसत्तर. सात, साठ, आठ. दीड, अडीच, पावणेदोन, साडेतीन. हे सगळे चुकतात आणि चुकलेले दिसत नाहीत. मजुरी, वय, एकर, साल या चारही ठिकाणी थांबा. साल एखाद्या माहीत घटनेशी ताडता आलं तर ताडा: पानशेतचा पूर १२ जुलै १९६१, कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७, किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३. आजींनी स्वतःच साल चुकीचं सांगितलं असेल, तर मजकुरात त्यांचंच ठेवा आणि तळटीप द्या. त्यांची चूक दुरुस्त करणं हे उतरवणाऱ्याचं काम नाही.

*बोली.* ‘आमी’, ‘न्हाई’, ‘तवा’, ‘लई’, ‘आमास्नी’ यांचं सॉफ्टवेअर ‘आम्ही’, ‘नाही’, ‘तेव्हा’, ‘खूप’, ‘आम्हाला’ करून टाकतं. अर्थ तोच राहतो म्हणून आपणही ते चालवून घेतो. बोलीची रूपं ठेवायची असं पहिल्या टप्प्यात ठरवलं असेल तर एकूण एक परत घाला. निम्मी ठेवली आणि निम्मी सुटली तर वाचणाऱ्याला वाटतं की आजीच कधी असं, कधी तसं बोलतात. याच्या उलट चूकही होते. कोल्हापूरकडच्या बायका ‘मी आलो’, ‘मी गेलो’ असं बोलतात. ते मसुद्यात बरोबर आलेलं असतं आणि तपासणारा ‘आले’, ‘गेले’ करून बिघडवतो.

*गळलेले तुकडे.* दोन माणसं एकदम बोलली, आजी हसता हसता बोलल्या, रडवेल्या झाल्या, ओवी म्हणाल्या, अशा जागी ओळच्या ओळ गळते. ओवी किंवा गाणं सॉफ्टवेअरवर सोडूच नका, हाताने उतरवा.

तपासा: तीनदा ऐकून कळलं नाही तर थांबा, वेळेची खूण टाकून ‘अस्पष्ट’ लिहा आणि पुढे चला. त्या गावच्या माणसाला ते सहा सेकंद ऐकवले की अनेकदा एका झटक्यात उलगडतात. अंदाज लिहून ठेवू नका. अंदाज लिहिला की तो पुढे कायमचा खरा ठरतो.

टप्पा ९: शोधा आणि बदला, पण जपून

शब्दयादी आता पुन्हा काढा. प्रत्येक शब्द मसुद्यात शोधा, त्याचे चुकलेले अवतारही शोधा. सरसकट ‘सगळे बदला’ दाबू नका. ‘मिळो’ सगळीकडे ‘मिलो’ केलं तर ‘देवाच्या कृपेने मिळो’ हेही बदलेल. एकेक बघून बदला.

इथे देवनागरीची एक खोच आहे. डोळ्यांना सारखी दिसणारी अक्षरं संगणकात दोन तऱ्हांनी साठवलेली असू शकतात. ‘ॲ’ हे एकच चिन्ह असू शकतं किंवा ‘अ’वर चंद्र ठेवून बनवलेलं. ‘दुसऱ्या’मधला अर्धा ‘र’ही दोन प्रकारे लिहिता येतो. त्यामुळे शब्द समोर दिसत असूनही ‘सापडला नाही’ असं उत्तर येतं. अशा वेळी मसुद्यातलाच शब्द कॉपी करून शोधचौकटीत टाका, आणि एकदा सगळ्या फाइलभर एकच प्रकार करून घ्या. अंकांचंही तसंच: देवनागरी की रोमन, एक ठरवा.

टप्पा १०: परत दाखवा, ओळख झाका, जपून ठेवा

तपासलेला मजकूर आजींना वाचून दाखवा. मोठा वाटला तर निदान नावं, साल आणि कुणाबद्दल बोललेलं आहे असे भाग. त्या एखादं वाक्य काढायला सांगतील. ते काढा, आणि काढल्याची नोंद ठेवा. नावं बदलायची असतील तर ती आत्ता, सगळ्यात शेवटी बदला, कारण आधी बदलली तर आवाजाशी ताडून बघताना गोंधळ उडतो. खऱ्या आणि बदललेल्या नावांची यादी वेगळ्या, पासवर्ड लावलेल्या फाइलमध्ये. गाव, नातं आणि पद मिळूनही माणूस ओळखू येतो, तेही बघा.

ठेवायच्या गोष्टी पाच: मूळ रेकॉर्डिंग, कच्चा मसुदा, तपासलेला मजकूर, शब्दयादी आणि नियमांचा कागद. तपासलेल्या मजकुराच्या पहिल्या पानावर कुठलं सॉफ्टवेअर, कुठलं मॉडेल, कोणी ऐकून तपासलं आणि कधी, हे लिहा.

मजकूर छपाईला जाणार असेल तर आणखी एक तपासणी उरते. अनेक छापखाने आणि काही प्रकाशक अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटवर काम करतात. युनिकोडमधून, म्हणजे आज संगणक-फोनवर सर्वत्र चालणाऱ्या अक्षरपद्धतीतून, तिकडे नेताना जोडाक्षरं, ‘ऱ्या’, ‘ॲ’ आणि अवतरणचिन्हं बिघडतात. पूर्ण पुस्तक पाठवण्याआधी या चारही गोष्टी असलेलं एक पान पाठवा, त्याचं प्रूफ कागदावर मागवा आणि ते रेकॉर्डिंग ऐकत ऐकत वाचा.